शालनची रिकामी नळी

शालन गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोस्टात तुमच्या पार्सलसाठी रांगेत उभी होते. पुण्याहून तिची विद्यार्थिनी बोलत होती. "आजी, मॅडम सकाळी गेल्या..." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी रांग सोडली नाही. आमसुलांचं पार्सल दिलं, पावती घडी करून पर्समध्ये ठेवली आणि मग बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिले. ईशान, मीरा, शालनआजी तुम्हाला दोनदाच भेटली. माशाचे काटे ताटाच्या कडेला ओळीने मांडणारी आजी, एवढंच तुम्हाला आठवत असेल. म्हणून बाकीचं लिहिते आहे.

ती तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. पुण्यात एका प्रयोगशाळेत दुसऱ्याच्या हाताखाली काम करायची. १९९८ च्या मे महिन्यात ती आमच्याकडे रत्नागिरीला आली ती दोन थर्मास घेऊन. संगमेश्वरच्या पुढे गरम पाण्याचं कुंड आहे, तिथलं पाणी आणि गाळ तिला हवा होता. कासमभाईंची जीप ठरवली. ते दुबईत बरीच वर्षं गाडी चालवून परत आलेले. "बाय, लोक हितं आंघोळीला येतात, तुम्ही चिखल काय नेता?" ते म्हणाले. शालन म्हणाली, "या चिखलात माझा कारकून आहे, कासमभाई. त्याला पुण्याला नोकरी लावायची आहे."

परतीच्या वाटेवर तिने आम्हाला ते समजावलं. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर. तो वाचण्यासाठी त्याच्या प्रती काढाव्या लागतात आणि ते काम एक विकर, म्हणजे एन्झाइम, करतं. प्रत निघताना मध्येमध्ये रंग लावलेली अक्षरं मिसळतात. असं अक्षर जोडलं गेलं की प्रत तिथेच थांबते आणि रंगावरून यंत्राला कळतं की इथे कोणतं अक्षर होतं. पण विकर चोखंदळ असतं. ईशान जसा उपम्यातला कढीपत्ता बाजूला काढायचा, तसं ते रंगीत अक्षर बाजूला सारतं. त्याच्या घडणीत एकदोन ठिकाणी बदल करून ही खोड मोडायची, असं शालनच्या मनात होतं. प्रती काढताना नळ्या पुन्हा पुन्हा तापवतात, म्हणून तिला उष्णता सोसणाऱ्या जिवाणूंचं विकर हवं होतं. असे जिवाणू कुंडात सापडतात.

तीन वर्षांनी तिचा फोन आला. बदललेलं विकर रंगीत अक्षरं घेत होतं, यंत्रावर मजकूर स्वच्छ उमटत होता. या कामावर तिला पहिल्यांदाच स्वतःची प्रयोगशाळा मिळणार होती. आजोबांना तर आकाश ठेंगणं झालं. आपल्या कुंडातल्या जिवाणूचं नाव झालं म्हणून त्यांनी रत्नागिरीत सत्कार ठरवला. निमंत्रणं मी माझ्या अक्षरात लिहिली, प्रत्येक नाव यादीशी ताडून.

सत्काराच्या आदल्या दिवशी दुपारी शालन एसटीने आली. हातपाय धुऊन सरळ स्वयंपाकघरात आली आणि पाटावर बसली. "वहिनी, ते माझं विकर नव्हतं गो."

झालं होतं असं. प्रत्येक प्रयोगात एक नळी ठेवायची असते, तिच्यात बाकी सगळं घालायचं, फक्त आपलं विकर घालायचं नाही. त्या नळीत काहीच व्हायला नको. अहवालाच्या घाईत शेवटचे दोन महिने शालनने ही रिकामी नळी वगळली होती. परवा सहज ठेवली, तर तिच्यातही प्रती निघाल्या. बाजारात मिळणाऱ्या तयार विकराचा अंश तिच्या द्रावणाच्या बाटलीत मिसळला होता. काम तेच करत होतं. तिचं स्वतःचं विकर काहीच करत नव्हतं.

"कुणाला माहीत आहे?" मी विचारलं.

"मला."

मी तिला काय म्हटलं ते लिहिते, कारण तुम्हाला ते कळायला हवं. मी म्हटलं, उद्याचा दिवस जाऊ दे, दादाला मान खाली घालायला लावू नकोस, पुण्याला जाऊन काय ते सांग. तिने माझ्याकडे बघितलं. "आणि मग शाल परत द्यायला येऊ?" मी चिडून तिच्यापुढे चहा आदळला.

दुसऱ्या दिवशी हॉल भरलेला होता. शाल अंगावर घालायला पाहुणे उठले तेव्हा तिने हात जोडून त्यांना थांबवलं, माईक घेतला आणि मला सांगितलं होतं तेच सगळ्यांना सांगितलं, तितक्याच साध्या शब्दांत. मागून कासमभाई म्हणाले, "म्हंजे आमच्या कुंडातल्या किड्यात दम नाय म्हणता?"

"त्याच्यात आहे हो," शालन म्हणाली. "माझ्या कामात नव्हता."

लोक हसले. आजोबा हसले नाहीत. गणपतीपर्यंत ते तिच्याशी बोलले नाहीत आणि खरं सांगायचं तर मीही मोजकंच बोलले. प्रयोगशाळा दुसऱ्याला मिळाली. ती त्याच जुन्या टेबलावर, नव्या बाटल्या घेऊन पहिल्यापासून कामाला लागली. चार वर्षांनी एका संध्याकाळी फोन आला. "वहिनी, आज रिकामी नळी रिकामीच राहिली! आणि बाकीच्या वाचता आल्या!" तोवर बाजारात त्याहून चांगली विकरं आली होती, वाचायची यंत्रंही बदलू लागली होती. तिला त्याचं काही नव्हतं. मी फोन आजोबांच्या हातात दिला. ते बराच वेळ नुसते "हो... हो..." म्हणत राहिले आणि मग म्हणाले, "शालू, कधी येतेस?"

त्या मे महिन्यात ती आली तेव्हा मी लोणचं घालत होते. माझं लोणचं वर्षभर टिकतं ते तळलेल्या मेथीमुळे, असं मी सगळ्यांना सांगायचे. ती म्हणाली, "मेथीशिवाय एक बरणी ठेवून बघितलीस कधी?" मला राग आला, पण ठेवली. वर्षभर तीही तशीच छान राहिली. तेव्हापासून दरवर्षी एक लहान बरणी मेथीशिवाय भरते. शालन आली की पहिली तिला दाखवायचे आणि कुणी कौतुक करू लागलं की आधी ती पुढे करते.

गेल्या आठवड्यात लोणचं घातलं. मी लहान बरणी पुसायला घेतली तेव्हा आजोबा दारात उभे होते. म्हणाले, "आता ही कुणाला दाखवायची?"

मी म्हटलं, "मला."