देवळालीत सुरू झालेला खोकला

आमच्या ह्यांची छाती तीस टक्के निकामी आहे, हे मला टपालानं कळलं. खोकतात हे ठाऊक होतं, त्या खोकल्यानं तर शेजारची भिंतसुद्धा जागी होते. पण नवऱ्याच्या छातीचे टक्के काढलेले मी पहिल्यांदाच पाहिले आणि हबकलेच.

हे फौजेत सुभेदार होते, मधली काही वर्षं बर्फातल्या चौकीवर काढलेली. शेवटची पोस्टिंग नशिबानं देवळालीला मिळाली, आमच्या नाशिकरोडच्या घरापासून रिक्षानं जाण्याइतकी जवळ. तिथं असताना जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी नाव सांगितलं, क्रॉनिक ब्राँकायटिस, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या सुजलेल्या. निवृत्तीआधी फौजीला मेडिकल बोर्डापुढे उभं राहावं लागतं. तिथं एका नळीत जोरात फुंकायला लावतात आणि छाती किती चालते ते मशीन सांगतं. त्या दिवशी ह्यांनी गुळगुळीत दाढी केली, बूट चमकवले आणि मी नको नको म्हणत असताना दम्याच्या औषधाच्या पंपाचे दोन झुरके ओढूनच आत गेले. बाहेर आले ते छाती काढून.

"तीनदा फुंकलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शाब्बास."

"अहो, तिथं कवायतीचं बक्षीस होतं का?" मी भडकले. "आजारी आहात ते दाखवायला गेला होतात ना? हात दाखवून अवलक्षण नुसतं."

"बोर्डापुढे मरगळून जायचं? ते आपल्याला नाही जमणार," हे म्हणाले आणि रिक्षापर्यंत पोचेस्तोवर दोनदा थांबले.

काही महिन्यांनी ते टपाल आलं. आमच्या गल्लीत फौजेतले एक निवृत्त कारकून राहतात, सगळ्यांचे पेन्शनचे कागद तेच भरून देतात. मी त्यांना भाऊ म्हणते. त्यांनी चष्मा पुसून कागद वाचला.

"वहिनी, तीस टक्के दिलेत, चांगलं झालं. वीसच्या खाली असते तर अपंगत्वाच्या पेन्शनचा विषयच संपला होता." मग त्यांचं बोट खालच्या ओळीवर गेलं. "पण घोळ इथं आहे. आजार किती, हा एक प्रश्न. तो नोकरीमुळे झाला का, किंवा नोकरीनं वाढला का, हा दुसरा. दुसऱ्याला त्यांनी नाही म्हटलंय. मग ते तीस टक्के नुसते कागदावर."

कारण खाली दिलंच होतं. खोकल्याची पहिली नोंद देवळालीची. देवळाली म्हणजे शांत ठिकाण. बर्फातल्या नोकरीशी आजाराचा संबंध दिसत नाही.

माझं डोकंच फिरलं. देवळालीच्या हवेत लोक लांबून छाती सुधारायला यायचे, आणि तिथंच म्हणे ह्यांची छाती बिघडली. मी बोर्डाला, डॉक्टरीणबाईंना, त्या मशीनला, सगळ्यांना दुपारभर झोडपत होते. हे मात्र एकदम बोलायला लागले. वरच्या चौकीवर बंकरमध्ये रॉकेलची शेगडी दिवसरात्र जळायची. बर्फानं झरोके बुजायचे. सकाळी थुंकलं की काळं पडायचं. इतक्या वर्षांत हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं.

"मला दुसरं काही नको," ते म्हणाले. "हा खोकला तिथला आहे, एवढं त्यांनी लिहावं. नाहीतर मी तिथं होतो की नव्हतो?"

भाऊ म्हणाले, "अपील करता येतं. त्या वर्षांतला एखादा कागद हवा. बाहेरच्या डॉक्टरचा असला तरी बघतील."

"कागद कुठला?" हे म्हणाले. "मी कधी फौजेच्या डॉक्टरला दाखवलंच नाही. साधी धुळीची ॲलर्जी होती. ही गोळ्या पाठवायची."

दुपारभर माझी जीभ पट्ट्यासारखी चालली होती, ती तिथं टाळ्याला चिकटली. कारण कागद होता. आमच्याच कपाटात, माझ्या येवल्याच्या पैठणीखाली.

त्या चौकीवरून हे सुट्टीला आले होते, तेव्हा मी त्यांना शहरातल्या छातीच्या डॉक्टरकडे नेलं होतं. रिपोर्टच्या दिवशी हे सिन्नरला सासूबाईंना भेटायला गेले होते, म्हणून मी एकटीच गेले. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "ही ब्राँकायटिसची सुरुवात आहे. ह्यांना उंचावरून आणि धुरातून खाली आणा, फौजेच्या डॉक्टरांना हा कागद दाखवा. नाहीतर हे कायमचं होईल." तसं त्यांनी कागदावर लिहिलंसुद्धा.

मी काय केलं? फौजेत शरीराची श्रेणी असते. ती खाली उतरली की बढती अडकते, हे फौजींच्या बायकांना पाठ असतं. ह्यांचं नाव नायब सुभेदारीच्या यादीत लागायचं होतं. बसस्टॉपवर उभ्या उभ्या मी ठरवून टाकलं. हे सिन्नरहून आले, तेव्हा मी त्यांच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलले, "काही नाही हो, धुळीची ॲलर्जी आहे." आणि पुढं दर पार्सलात लाडवांच्या डब्याशेजारी गोळ्यांची पाकिटं घालत राहिले. बढती मिळाली. पूर्ण गल्लीला पेढे वाटले मी. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगणार?

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी हे पेपर वाचत होते, तेव्हा मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता आरडाओरडा होईल. झाला असता तर बरं झालं असतं. ह्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि वरच्या कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवलं.

"ह्याच्यानंतर मी दोन हिवाळे वर काढले," ते म्हणाले.

मी रडायला लागले. त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्याकडे परत दिली.

"हा अपिलाला लावू नकोस."

"का? आता हाच तर पुरावा आहे."

"ते विचारतील, ठाऊक असून लपवलंस का? मग मला सांगावं लागेल की मला ठाऊक नव्हतं. बायकोनं लपवलं, हे मी साहेबांपुढे बोलू?"

माझं पाप झाकायला हा माणूस त्याचं एकच मागणं सोडून द्यायला निघाला होता. मी ऐकलं नाही. भाऊंकडे गेले आणि कोर्टाच्या कागदावर सगळं लिहून दिलं, की आजार ह्यांनी लपवला नाही, मी लपवला, अमुक दिवशी डॉक्टरांनी मला असं सांगितलं होतं. खाली सही केली. भाऊंनी तो आणि डॉक्टरांचा, दोन्ही कागद काही न विचारता अपिलाला टाचले.

अपील अजून चालू आहे. घरात सगळं पूर्वीसारखं आहे. हे माझ्याशी नीट बोलतात, भाजी आणतात, मी भडकले की हसतात. मी सकाळ-संध्याकाळ पाणी आणि गोळी घेऊन जाते. इतकी वर्षं मी हातावर ठेवलेली गोळी हे न बघता गिळायचे. आता आधी पाकीट मागून घेतात, उलटंसुलटं करून वाचतात आणि मग गिळतात.