दाराबाहेरचा बाक

कर्नाटकातल्या आमच्या नगरपालिकेची एक कंपनी आहे. कोळार औद्योगिक वसाहतीतली गोदामं आणि बाजारातले गाळे कुणाला द्यायचे, आलेला पैसा कुठं गुंतवायचा, हे ती ठरवते. नगरसेविका म्हणून मला तिच्या संचालक मंडळावर घेतलं, तेव्हा मी चांगलीच तोऱ्यात होते. तो तोरा पहिल्या बैठकीत चहा येईपर्यंतही टिकला नाही.

एका गोदामाचा विषय निघाला. अर्जदारांत माझा धाकटा दीर होता. अध्यक्ष असलेल्या अक्का कन्नडमध्ये बोलत होत्या. त्या थांबल्या आणि माझ्याकडं वळून मराठीत म्हणाल्या, "तुमच्या दिराचा अर्ज हाय न्हवं? मग तुमी भाईर बसा."

सगळ्यांदेखत! रागानं माझे कान तापले. बाहेरच्या बाकावर बसून मी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला. तेवढ्यात दार उघडलं आणि अध्यक्षाची खुर्ची दुसऱ्याला देऊन अक्का स्वतःच बाहेर आल्या.

"सरका जरा. आता माझ्या लेकाच्या गाळ्याचा विषय हाय."

एका कपातला चहा कपबशीत वाटून आम्ही दोघी प्यायलो.

गोदाम दुसऱ्याला गेलं. घरी जेवताना दिरानं विचारलं, "वैनी, तुमी आत असून आपलं काम कामून झालं न्हाई?"

"मी आत नव्हतेच. भाईर बसवलं होतं मला."

त्यानं ताट पुढं केलं. "मग तुमचा काय दोस? वाढा भाकरी."

दोन भावांची चूल आमच्या घरात आजही एकच आहे. ती राखली त्या बाकानं, आणि मला त्यावर बसवणाऱ्या अक्कांनी.