ओटी भरायला गेलेली मतं

भालू गेल्याची बातमी मला एका फ्लेक्सने दिली. माझी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. डोळ्यांतून पाणी काढायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून घरच्यांनी माझा मोबाइल लपवला आणि मोबाइलबरोबर ती बातमीही. तपासणीला निघाले तेव्हा टॅक्सी परळच्या सिग्नलला थांबली. नव्या डोळ्याने पहिली स्वच्छ दिसलेली गोष्ट म्हणजे लालबागचे आमदारसाहेब. पुरुषभर उंच, हात जोडून उभे. त्यांच्या कोपरापाशी लाडवाएवढ्या गोलात भालचंद्र गावकर, आणि खाली ‘कामगारांचा बुलंद आवाज हरपला’. बुलंद कसला... भालूचा आवाज जन्मापासून घोगरा. तो गाऱ्हाणं घालायला उभा राहिला की माझी आई म्हणायची, ‘देवीक ऐकू तरी येतला काय रे?’ मी टॅक्सीतच रडले. डॉक्टर ओरडले ते वेगळंच.

आम्ही दोघं लालबागच्या एकाच चाळीत, एकाच माळ्यावर वाढलो. आमच्या खोलीत आई गिरणीतल्या एकट्या पुरुषांसाठी खाणावळ चालवायची, आणि शेजारची मोठी खोली गावमंडळाची. मालवणकडच्या आमच्या गावातून नोकरीला येणारा प्रत्येक पुरुष तिथे वळकटी टाकायचा. भालू बदली कामगार म्हणून गिरणीत लागला आणि जेमतेम मिशी फुटते न फुटते तोच संप झाला. मग त्याने काय काय केलं ते विचारू नका. कुरिअरच्या पिशव्या वाहिल्या, लग्नात वाढपी झाला, एका सोसायटीत लिफ्ट चालवली. मी शिकले, शाळेत लागले, लग्न करून दादरला गेले. तो तिथेच राहिला. दिवाळीला मी माहेरी गेले की म्हणायचा, ‘इलंस मास्तरीणबाई? आता आमका सुधारतलंस.’

गिरणी पाडून तिथे टॉवर झाले, टॉवरच्या पायथ्याशी मॉल झाला. आमच्या चाळीच्या गॅलरीतून त्याचे दिवे दिसतात. त्या दिव्यांखाली शेकडो माणसं कामाला, पण आमच्या चाळीतली मुलं जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि तीही ठेकेदाराच्या मर्जीवर. आज आहेत, उद्या नाहीत. भालूच्या डोक्यात हेच घुसलं होतं. त्याचा स्वतःचा मुलगा महेश पदवीधर होऊन घरी बसला होता, त्याचीही कळ त्यात होती. मी खोटं कशाला बोलू? पण नुसत्या महेशसाठी मागायचं असतं तर कोणाचे तरी पाय धरून त्याने केव्हाच मागितलं असतं. त्याला सगळ्या चाळीच्या मुलांना काम हवं होतं, पक्कं, पगारपत्रकावरचं. ‘जिथे बापाचा घाम, तिथे पोराला काम’ ही घोषणा त्याची स्वतःची. मी म्हटलं, यमक जुळलंय, आता नोकरी जुळव.

टॉवरच्या कंपनीकडे तो वर्षभर खेटे घालत होता. शेवटी तिथल्या एका व्यवस्थापकाने सरळ विचारलं, तुमच्या मागे माणसं किती? म्हणून भालू विधानसभेला अपक्ष उभा राहिला. लोक हसले, मीही हसले. निवडून येणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो मला म्हणाला, ‘माका आमदार व्हायचा नाय गो. आपल्या बूथावर सगळी मतां माका पडूंक व्हयी. मगे मतमोजणीचो तो कागद घेऊन त्या मॅनेजराच्या टेबलावर टाकतलंय. बघ म्हणतलंय, ही माणसां.’ एवढंच त्याला हवं होतं. एका बूथचं गठ्ठा मत. ते पडलं असतं तर त्या व्यवस्थापकाला दार उघडावंच लागलं असतं, असा त्याचा हिशेब होता, आणि अजूनही मला तो चुकीचा वाटत नाही.

चिन्ह मिळालं कपबशी. त्याच्या प्रचारात याची फार गंमत झाली. प्रत्येक घरात बायका म्हणायच्या, कपबशीवाल्याला चहा न देता कसं पाठवू? आणि भालू नाही म्हणायचा नाही. मतदार दुखावेल म्हणे. चार माळे उतरेपर्यंत त्याचं पोट डब्ब व्हायचं, मग सुनंदा, त्याची बायको, पायरीवर बसून त्याला ओवा चावायला लावायची. एका म्हाताऱ्याने विचारलं, भालू, तू निवडून आलास तर काय करशील? भालू म्हणाला, आधी चहा सोडतलंय. तेवढ्या दिवसांत मी त्याला जितकं हसताना पाहिलं तितकं आधी कधी पाहिलं नव्हतं. चाळ त्याच्या मागे होती. हे मी ऐकीव सांगत नाही, मी रोज संध्याकाळी तिथे होते.

प्रचाराचा नारळ गावमंडळाच्या खोलीत फुटला. आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. एकाने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायची. एकदा तसं म्हटलं की तो शब्द होतो, मग मागे फिरता येत नाही. त्या दिवशी चाळीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या गुलाबकाकी पुढे बसल्या होत्या. गाऱ्हाणं घालणाऱ्याने गावच्या देवीला हाक मारली, हो जो काय भालचंद्र उभो रवलो हा, तेका जो काय यश दी, पोरांच्या पोटाक काम दी... आणि गुलाबकाकींनी मध्येच भर घातली, ‘चाळीतली एकूण एक बाई जत्रेक येऊन तुझी ओटी भरतली.’ सगळी खोली म्हणाली, व्हय म्हाराजा. भालूही म्हणाला. मीसुद्धा म्हटलं.

आमच्या देवीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते. गावात कौल लावतात, देवी जो दिवस देईल तो. मतदानाची तारीख आधी जाहीर झाली, मग कौल लागला. जत्रा बरोबर मतदानाच्या आदल्या दिवशी आली. आणि दुसऱ्याच सकाळी चाळीच्या फळ्यावर कोणीतरी लिहून गेलं की एका हितचिंतकाकडून गावी जायला फुकट बस आहेत, ओटी भरा, प्रसाद घ्या, मतदानाच्या दिवशी सकाळी चाळीच्या दारात आणून सोडू. हितचिंतक कोण ते बसवर कुठे लिहिलं नव्हतं, पण ते आमदारसाहेबच हे लालबागमध्ये शेंबड्या पोरालाही कळत होतं. मी तशीच तणतणत भालूकडे गेले. म्हटलं, अरे, सांग ना त्यांना. ओटी निकालानंतर भरता येते, देवी कुठे पळून चाललेली नाही. तो पत्रकांच्या घड्या घालत राहिला. मी म्हटलं, तुला कळतंय ना हे काय चाललंय? ‘कळता गो,’ तो म्हणाला. ‘पण ती ओटी माझ्यासाठीच भरूंक जातहत. देवीच्या वाटेत मी आडवो कसो येव? उद्या पडलंय तर म्हणतील, भालूने देवीक अडवल्यान म्हणून पडलो.’

लोकही त्याला विचारायला येत होते. ‘भालू, जाव मरे?’ असं प्रत्येक घरातून विचारून गेले. त्याने एकदा, फक्त एकदा ‘नको’ म्हटलं असतं तर निम्मी चाळ थांबली असती. त्याने म्हटलं नाही. तो गावकर घराण्यातला, जत्रेत मानाचा नारळ त्यांच्याच घरचा. असल्या माणसाच्या तोंडून देवीला जाऊ नका हे निघणार कसं? समोरच्याने हे बरोबर ओळखलं होतं. त्याने पैसे वाटले असते तर भालूने जिना अडवून उभं राहून हाकलून दिलं असतं. त्याने देवी वाटली. शहाण्या माणसाला फसवायचं तर त्याच्या पापाला हात घालून चालत नाही, पुण्याला घालावा लागतो... हे शिकायला मला पेन्शनीचं वय यावं लागलं.

मतदानाच्या दिवशी मी शाळेजवळच्या बूथबाहेर त्याच्या टेबलाशी बसले. माझं मत दादरला, ते मी सकाळीच उरकून आले होते. माझं मतही त्याच्या कामाचं नव्हतं, यापेक्षा निरुपयोगी मैत्रीण कोणती असेल? बायकांबरोबर पुरुषही जत्रेला गेलेले, चाळीची गॅलरी ओस पडली होती, एक लुगडं वाळत नव्हतं. दुपारी गुलाबकाकींच्या नातवाचा फोन आला. पहिली बस घाटात बंद पडली होती आणि दुसरीचा ड्रायव्हर जेवायला म्हणून गेला तो सापडत नव्हता. भालू फोनवर ओरडला नाही. ‘बायकांका उन्हात उभी करू नको, झाडाखाली बसव,’ एवढंच म्हणाला. मग त्याने टेबलावरची कपबशीची पत्रकं नीट एकावर एक रचली. समोरच्या टेबलावर आमदारसाहेबांचे कार्यकर्ते वडापाव खात होते, त्यांनी आम्हालाही पाठवले. मी परत पाठवले.

बस आल्या त्या मतदान संपून टेबलं उचलली गेल्यावर. सगळ्या बायका दमून, केस विस्कटून, हातात जत्रेतल्या गोड खाज्याच्या पुड्या घेऊन उतरल्या. गुलाबकाकी सरळ भालूपाशी आल्या, त्याच्या हातावर प्रसाद ठेवला आणि म्हणाल्या, ‘खूप चांगला दर्शन झाला रे. तुझ्या नावाची ओटी मीच भरलंय पयली. बघ तू, येतलंस निवडून.’ त्यांच्या तोंडावर लबाडी असती तर मला बरं वाटलं असतं. कशाची म्हणून लबाडी नव्हती. मत राहिलं हे त्यांना जाणवलंसुद्धा नव्हतं, त्यांच्या मते त्यांनी मताहून मोठं काम केलं होतं. भालूने प्रसाद कपाळाला लावला आणि तिथेच उभ्याउभ्या खाल्ला. मी घरी निघून आले. त्या रागात मी पुढे दोन-तीन महिने त्या चाळीची पायरी चढले नाही.

निकालात तो आपटला त्याचं काही नाही, ते ठरलेलंच होतं. पण आपल्याच बूथवर त्याला मूठभर मतं, आणि साहेबांना जास्त. व्यवस्थापकाने पुन्हा भेट दिली नाही. खालच्या माणसाकडून निरोप आला की तुमच्या चाळीचाच तुमच्यावर विश्वास नाही, आम्ही कशाला ठेवावा? भालूने हे मला पुष्कळ नंतर सांगितलं, तेही हसत. चाळीत कोणाला सांगितलं नाही. ‘कित्याक सांगू? गुलाबकाकी जीव देतली.’ तो कोणावर चिडला नाही. त्याच्या वाटणीचंही मलाच चिडावं लागलं. वर्षभरात माणूस अर्धा झाला, आणि एका दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले हृदय. डॉक्टरांना काय, काहीतरी लिहावं लागतं.

शोकसभा चाळीच्या चौकात झाली. आमदारसाहेब आले, हार घातला, डोळे पुसले. मग माईकवर म्हणाले, भालूकाकांचं स्वप्न मी अपुरं राहू देणार नाही, त्यांच्या चिरंजीवांना त्याच टॉवरमध्ये उद्यापासून नोकरी. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत. गुलाबकाकींनी तर हात जोडून वर पाहिलं, म्हणाल्या, ओटी पावली. मी सुनंदाला आत ओढून नेलं. म्हटलं, ही नोकरी घेऊ देऊ नकोस, ज्याने त्याला त्या फुकटच्या बसखाली घातलं त्याच्या हातची ही नोकरी. सुनंदाने माझ्या हातातून आपला हात सोडवला. मग म्हणाली, ‘नलूताई, तुमका पेन्शन आसा.’ 

परवा मी मुद्दाम त्या टॉवरपाशी गेले. महेश गेटावर उभा होता. निळा गणवेश, खांद्यावर ठेकेदाराचं नाव. कायम आहे का म्हणून विचारलं तर म्हणाला, नाय आत्ये, ठेकेदार ठेवील तोपर्यंत. गेटाशेजारी गिरणीच्या जुन्या भिंतीचा एक तुकडा शोभेला म्हणून तसाच ठेवला आहे, दगडी. महेश तिकडे बोट दाखवून म्हणाला, ‘बाबा रोज सकाळी चालूक येत ना, तेव्हा हयसर हात लावन कपाळाक लावीत. पूर्वी कामावर जाताना लावीत तसो. मी लहान असल्यापासून बघतंय. तेलकट डाग पडलो होतो तेवढ्या दगडाक, हाताएवढो.’ मी चष्मा सावरून पाहिलं. दगड स्वच्छ होता. मी विचारलं, कुठे आहे? महेशने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

‘पयल्याच दिवशी सुपरवायझरने सांगितल्यान, आत रवणाऱ्यांची तक्रार आसा, भिंत साफ करून घे. मी घासलंय, आत्ये. साबण लावन घासलंय.’ मागे एका गाडीने हॉर्न दिला आणि तो गेट उघडायला धावला.