हिरवं पाणी

पुणतांब्याच्या रस्त्याला माझं गॅरेज आहे. गिऱ्हाइकावर ओरडण्याबद्दल रज्जाक मिस्त्री पंचक्रोशीत बदनाम आहे आणि त्यात काही खोटं नाही. ऑइल न बघता गाडी पळवणाऱ्याला मी बसायला खुर्चीसुद्धा देत नाही. पण रंगनाथभाऊंवर माझा आवाज कधी चढला नाही. गाडीची एवढी सेवा करणारा माणूस मी पाहिलेला नाही आणि त्या सेवेनंच घात केला.

गाडी त्यांच्या मुलाची, कल्याणची. पोरगा शिर्डीच्या भाविकांची ने-आण करायचा. सेकंडहँड डिझेल गाडी त्यानं मोठ्या हौसेनं घेतली होती. ऐन तिशीत काविळीनं गेला. तेव्हापासून त्याच्या आईनं, मालनबाईंनी, बोलणंच टाकलं. तव्यावर भाकरी करपली तरी नुसत्या बघत बसायच्या. एके दिवशी त्या आपण होऊन उठल्या आणि अंगणातल्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसल्या. रंगनाथभाऊंना गाडी चालवता येत नव्हती. साठीला टेकलेला तो माणूस दुसऱ्या दिवशी माझ्या दारात उभा.

"रज्जाकभाई, मला गाडी शिकवा. ती गाडीत बसली का दोन शब्द बोलती."

शिकवलं. पहिल्याच दिवशी शेजाऱ्याचं कुंपण आडवं केलं, पण शिकले. मग रोज संध्याकाळी दोघं गोदावरीच्या घाटापर्यंत जाऊन यायचे. भाऊ पुढे, वहिनी मागे. कल्याण लहानपणी कुणाशी भांडायचा, कशाला नाक मुरडायचा, सगळं त्या तेवढ्या रस्त्यात बोलून घ्यायच्या. घरी आलं की पुन्हा तोंड बंद. भाऊंचा जीव त्या एका फेरीत अडकला होता. गाडी बंद पडली तर बायको कायमची मुकी होईल, या धसक्यात माणूस जगत होता.

भाऊंचा जन्म बैलांत गेलेला. सकाळी आधी जनावराला पाणी, मग आपल्या तोंडात चहा. तोच नेम त्यांनी गाडीला लावला. उठलं की बॉनेट उघडायचं, ऑइलची पट्टी ओढून, पुसून, पुन्हा घालून बघायची, मग पाणी बघायचं. चेष्टा करायचो मी. म्हणायचो, भाऊ, आता पोळ्याला हिची शिंगं रंगवा.

दिवाळीत मी सर्व्हिसिंग केलं, तेव्हा नवा कूलंट भरला आणि समजावूनही सांगितलं. हे नुसतं गार करायचं पाणी नाही भाऊ, यात औषध असतं, आतलं लोखंड गंजू देत नाही. भाऊंनी मान हलवली. घरी गेले, टाकीत डोकावले, तर आत हिरवंगार पाणी. जनावरांच्या हौदातलं पाणी हिरवं झालं, की ते नासलं. शेवाळ धरलं. हौद उपसायचा, ताजं पाणी भरायचं. भाऊंनी तेच केलं. खालचा पाइप सोडून सगळा कूलंट बांधावर ओतला आणि विहिरीचं पाणी भरलं. आमच्या भागातल्या विहिरी इतक्या खाऱ्या, की बंबात पांढरी पुटं चढतात.

उन्हाळ्यात एका सकाळी ट्रॅक्टरला बांधून गाडी माझ्याकडे आली. मालनबाई मागच्या सीटवर तशाच बसून होत्या. मी पट्टी ओढली. ऑइल काळं असायला हवं, ते दुधाच्या चहासारखं झालेलं.

"भाऊ, हे कधीपासून असं?"

"लई दिवस झालं. पट्टीवर तेल वाढतच हुतं, भाई. मला वाटलं, गाडीला सेवा अंगी लागली."

मी पुढचं झाकण उघडलं. रेडिएटर क्षारानं तुंबला होता. इंजिन तापून तापून पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं गॅस्केट गेलं आणि पाणी ऑइलमध्ये उतरलं. पाणी मिसळलेल्या ऑइलला बुळबुळीतपणा राहत नाही, लोखंडावर लोखंड घासत जातं. शेवटी सगळं जाम. वाढत होतं ते तेल नव्हतंच.

"आणि तो हिरवा कूलंट?"

"त्ये नासलं हुतं. नासकं पानी जनावराला पाजीन का मी?"

एरवी मी गॅरेज डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी हळू आवाजात सगळं सांगितलं. भाऊ ऐकत राहिले. त्यांना समजलं, पूर्ण समजलं. तेवढ्यात मागची काच खाली झाली.

"काय झालं?" मालनबाईंनी विचारलं.

"जुनी झाली गाडी, वहिनी," मी खोटं बोललो.

"न्हाई," भाऊ म्हणाले. "मीच मारली. औषध काढून टाकलं अन् हिरीचं खारं पानी भरलं."

मालनबाई खाली उतरल्या. नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कल्याणचं बी असंच केलं तुमी. डाक्टरच्या गोळ्या फेकल्या. गरम पडत्यात म्हनला. झाडपाल्याचा रस पाजीत बसला. पोरगं पिवळं पडत चाललं अन् तुमी म्हनत हुता, उतार पडतोय."

त्या एकट्याच रस्त्यानं निघून गेल्या. भाऊ मागे गेले नाहीत. झाडपाल्याची गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. निम्मं गाव काविळीला झाडपाला देणाऱ्या त्याच वैदूकडे जातं. पण भाऊंच्या तोंडावर ती कुणी काढली नव्हती. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला, पण नेमका कुणाचा ते अजून कळलेलं नाही.

नंतर नगरला भंगारवाल्याकडे एक जुनं, चालू इंजिन मला सापडलं. माझ्यासाठी राखून ठेव म्हणालो आणि भाऊंच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते. घरातून मालनबाईंच्या कामाचा आवाज येत होता. मी आलोय हे कळूनही त्या बाहेर आल्या नाहीत.

"इंजिन मिळालंय. बसवून देतो. माझ्याकडून," मी म्हणालो.

"नका बसवू."

"अहो, वहिनींसाठी तरी."

"ती आता माझ्या गाडीत बसायची न्हाई. अन् मी हाक मारली तरी तिनं बसू नये." भाऊ आपल्या तळहातांकडे बघत होते. "भाई, माझ्या हातात आता काय जित्तं देऊ नका."

मी परत आलो. भंगारवाल्याला फोन केला, इंजिन दुसऱ्याला देऊन टाक म्हणालो.