डाव्या सीटवरचे चाचा

गाडीचं बॉनेट उघडलं की चाचा आधी दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. इंजिनकडे पाहायचे, मग मालकाकडे पाहायचे आणि म्हणायचे, "मले दिसल्याबिगर मी खोलत नाई." बिघाड डोळ्यांसमोर झाल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम होता. असा एखादा मेकॅनिक तुमच्याही गावात असेल. त्याच्याकडे सहसा गर्दी नसते.

अमरावतीत आमच्या घराकडून हमरस्त्याला लागताना एक गल्ली लागते. तिथे त्यांचं गॅरेज आणि त्यामागेच घर होतं. जुन्या ऑटोमॅटिक गाड्या पाहणारे शहरात फार थोडे, त्यांतले ते एक. मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. अपघातानंतर माझा डावा पाय क्लच दाबू शकत नाही, म्हणून मी एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. आईला केमोसाठी अकोल्याला न्यायचं ते त्याच गाडीनं. तिचे डॉक्टर तिथले, आणि बसचे धक्के तिला सोसत नव्हते.

गाडीचं दुखणं असं, की चालता चालता ती एकाच गिअरमध्ये अडकायची. इंजिन ओरडायचं, वेग वाढायचा नाही, समोर गिअरचा आकडा लुकलुकायचा. बंद करून थोडं थांबलं की पुन्हा सुरळीत. मग कित्येक दिवस काही नाही. इतर गॅरेजवाल्यांनी गिअरबॉक्स उतरवायला सांगितला. चाचांनी ऑइल पाहिलं, वास घेतला, स्कॅनर लावला. सिग्नल मध्येच तुटतो, एवढं स्कॅनर सांगत होता. कुठे तुटतो, ते नाही.

"गिअरचा डब्बा चांगला हाये," चाचा म्हणाले. "चांगल्या माणसाचं पोट कोनी फाडते का?"

पुढच्याच खेपेला बोरगाव मंजूजवळ गाडी अडकली आणि डॉक्टरांची वेळ हुकली. आई मागच्या सीटवर आडवी होती. डोळे न उघडता म्हणाली, "गाडी बी थकली, मी बी थकली. राहू दे आता."

हे ती बरेच दिवस वेगवेगळ्या शब्दांत म्हणत होती. त्या दिवशी तिला कारण मिळालं. पुन्हा एकदा असं झालं तर ती गाडीत बसणार नाही, हे मला कळलं होतं. मी चाचांना ते सांगितलं. त्यांनी पुढच्या खेपेची तारीख विचारून घेतली. त्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा कुर्ता घालून गल्लीच्या तोंडाशी उभे. गाडी अडकेपर्यंत सोबत येणार होते.

ते वजनदार होते. डाव्या सीटवर बसले की सीट करकरायची. अकोल्यापर्यंत ते आकड्याकडे टक लावून बसले आणि गाडी एकदाही अडकली नाही. परततानाही नाही. त्यानंतरच्या खेपांनाही नाही. मी एकटा ऑफिसला निघालो की मात्र कधीतरी अडकायचीच. ऑफिसात सगळ्यांना हे ठाऊक झालं होतं. चाचाले सीटबेल्ट लावून गाडीतच ठेव, असा सल्ला मला रोज मिळायचा. गाडी आपल्यासमोर अडकत नाही, हा चाचांना अपमान वाटे. मी अ‍ॅक्सिलरेटर कसा दाबतो, याची त्यांनी पोलिसासारखी चौकशी केली.

रस्ता लांब. ते अचलपूरचे, आई चांदूर बाजारची. मूर्तिजापूर आलं की ते अचलपूरला जाणाऱ्या छोट्या रेल्वेचं कौतुक सुरू करत. आपली वरात त्याच गाडीनं आली, असं सांगत. म्हणूनच नवरदेव उशिरा पोचला असेल, असं आई मागून म्हणे. आधी ती डोळे मिटूनच बोलायची. नंतर उठून बसायला लागली.

एका सकाळी तिला मळमळत होतं. मोकळी हवा हवी म्हणून ती पुढे बसली आणि चाचा मागे. मूर्तिजापूर ओलांडलं आणि गाडी अडकली. आकडा लुकलुकू लागला. मी कडेला घेतली.

चाचा उतरले. आईला त्यांनी हात धरून कडुनिंबाखाली बसवलं. मग रिकाम्या सीटकडे बराच वेळ पाहत राहिले. तळव्यानं सीट दाबली, सोडली. सीटखालचा गालिचा उचलून आत हात घातला. गिअरबॉक्सचा कंट्रोलर तिथेच होता. त्याच्या वायरींचा कपलर, म्हणजे जोड, सैल झाला होता, लॉक तुटलेलं होतं. सीटच्या स्प्रिंगा खचलेल्या. चाचा बसले की सीट खाली येऊन कपलर दाबून धरायची. आईच्या अंगात तेवढं वजन उरलं नव्हतं.

"मीच झाकून बसलो होतो," चाचा म्हणाले. "इतके दिवस. ताई, माफ करा."

आई म्हणाली, "भाऊ, तुमी उठले असते तं मी कोनाशी बोलली असती?"

त्यांनी कपलर घट्ट बांधला. डॉक्टरांकडे आम्ही वेळेत पोचलो. अमरावतीला आल्यावर त्यांनी नवा बसवला. काम संपलं होतं. तरी पुढच्या खेपेला ते गल्लीच्या तोंडाशी हजर. नवा कपलर आहे, पाहावं लागते, म्हणाले. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच कारण. मी विचारलं नाही. आईनंही नाही.

मग एका केमोच्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. पहाटे चाचांच्या छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आई तयार होऊन गाडीत बसलेली. चाचांना काम आहे, एवढं मी तिला सांगितलं आणि निघालो. अकोल्यापर्यंत ती बोलली नाही. सलाईन लागलं, संपलं.

परतताना मूर्तिजापूरजवळ मी तिला खरं सांगितलं.

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "सकाळी गल्लीच्या तोंडाशी मानसं जमली होती. काचेतून दिसली."

"मंग आली काहून तू?"

ती बाहेर पाहत होती. "त्यानं माह्यासाठी इतक्या खेपा केल्या. मी घरी बसू?"

गाडी कुठेही अडकली नाही. आम्ही पोचलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी कोणी नव्हतं. चाचांना माती दुपारीच दिली होती.