सही आणणारा माणूस

उझैर परकारला मी अकरा वर्षं ओळखतो. तो वाईट माणूस आहे, असं मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही आणि याचाच मला राग येतो.

दुबईपलीकडच्या रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कारखान्यात तो एचआरमध्ये आहे. ज्याला काढायचं त्याच्याकडून राजीनाम्यावर सही आणायची, हे त्याचं खरं काम. कंपनीने काढलं तर माणूस तक्रार करू शकतो. स्वतःच राजीनामा दिला की तोंड बंद. उझैरला चार भाषा येतात. तो त्या माणसाच्या खाटेवर बसतो, त्याचा चहा पितो, मुलाबाळांची चौकशी करतो आणि मग कागद काढतो.

एका शुक्रवारी तो बायकोला, शहरबानूवहिनींना, आणि बारा वर्षांच्या इनायाला घेऊन शारजात रोल्लाला आमच्याकडे जेवायला आला. टीव्हीवर मी जुना ब्लॅक अँड व्हाइट इंग्रजी सिनेमा लावला होता. महायुद्धाचा काळ, अंधारलेलं शहर आणि पैसे घेऊन अनोळखी माणसं मारणारा एक भाडोत्री मारेकरी.

"अनोळखी माणसाला मारणं सोपं आहे, अनिल," उझैर म्हणाला. "मला आधी चहा प्यावा लागतो."

इनायाने विचारलं, "व्हाय डझन्ट ही जस्ट से नो, अब्बू?"

"त्याचा व्हिसा शेठच्या हातात असेल, बेटा."

सगळे हसले. मीही हसलो, लाज वाटते आता.

पुढच्याच आठवड्यात शेठने नाव दिलं ते इद्रीसचं. इद्रीस म्हणजे शहरबानूवहिनींचा थोरला भाऊ, त्याच कारखान्यात भट्टीवरचा सुपरवायझर. उझैरला रत्नागिरीहून इथे आणलं त्यानेच, वर्षभर स्वतःच्या खोलीत ठेवलंही त्यानेच.

उझैरचा मला फोन आला. "नाही म्हण," मी म्हणालो.

"नाही म्हटलं तर माझीच नोकरी जाईल, इनायाची शाळा सुटेल. आणि दुसरा कोणी गेला तर धमकावून सही घेईल. मी निदान नीट बोलेन."

नीट बोलणं म्हणजेच दया, असं त्याला इतक्या वर्षांनी खरंच वाटायला लागलं होतं.

वहिनींना काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी भावासाठी सांदणांचा डबा दिला, तो घेऊन उझैर गेला. इद्रीसने दोन सांदणं खाल्ली, हात पुसले आणि कागद निघायच्या आत पेन मागितलं. न वाचताच सही केली.

"भाईजान, वाचा तरी."

"काय वाचायचं? सोमवारी शेठने आधी मला बोलावलं होतं. दोघांतला एकच ठेवायचाय, उझैरची सही आण म्हणाला."

"मग?"

"मग काय? नाही म्हटलं. खलास. शहरबानूला सांग, भाईच कंटाळला इथे."

हे सगळं उझैरने मला फोनवर रडत रडत सांगितलं. मी त्याला एवढंच विचारलं, "कागद फाडलास ना?"

"जमा केला," तो म्हणाला.