काळ्या पडलेल्या पट्ट्या

नातीच्या कंपासपेटीतून खोडरबराचा वास आला आणि मी थेट डोंबिवलीच्या आमच्या जुन्या ब्लॉकमध्ये पोचले.

माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दिरांनी दुबईहून टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर आणलेला. त्याच्या खाचेत पत्त्यांच्या कॅटएवढी कार्ट्रिज खोचायची, बटण दाबायचं, की खेळ हजर. तो तिच्या आतल्या चिपमध्येच कायमचा भरलेला असायचा. पावसाळा संपेपर्यंत पडदा कोरा यायला लागला. भाऊजी कार्ट्रिज काढून फुंकर मारायचे, पुन्हा खोचायचे. वर मलाच सांगायचे, "वहिनी, तुम्ही हात लावू नका, बिघडेल."

"बिघडलंय आधीच," मी म्हटलं आणि कार्ट्रिज हातात घेतली.

तिच्या कडेच्या तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. तो काळा रंग माझ्या चांगलाच ओळखीचा होता. केमिकल कंपन्यांच्या हवेनं माझी समई, निरांजन, सगळं असंच काळवंडायचं. फुंकर मारून निरांजन उजळतं का कधी? मी कॉम्प्युटर बंद केला, खोडरबर घेतलं आणि सासूबाई "अगं, राहू दे" म्हणत असताना एकेक पट्टी घासून लख्ख केली. कार्ट्रिज खोचली, बटण दाबलं. पडद्यावर खेळ आला.

"नशीब," भाऊजी म्हणाले आणि मी उठायची वाट बघत उभे राहिले.

मी खुर्ची सोडली नाही. "बसा मागे. पहिला डाव माझा."

तेव्हा वाटलं, जरा जास्तच बोलले. आता वाटतं, दुसरा डावही माझाच म्हणायला हवं होतं.